कॉम्प्युटरवरून मोबाइलवर एसएमएस: सिम कोणाचे, अक्षरे किती, यादी कशी

कॉम्प्युटर स्वतः एसएमएस पाठवत नाही. पाठवते सिम, नाहीतर टेलिकॉम कंपनीशी जोडलेला एखादा सर्व्हर. म्हणून कुठले सॉफ्टवेअर घ्यायचे हे विचारण्याआधी मेसेज कोणाच्या नावावर जाणार ते ठरवा. तुमच्या खिशातल्या फोनच्या नंबरावरून, की संस्थेच्या सहा अक्षरी नावाने? पहिल्या मार्गाला खर्च जवळपास नाही आणि दहा मिनिटांत काम सुरू होते. दुसऱ्याला कागदपत्रे, पैसे आणि बरेच दिवस लागतात.

इंदूरमध्ये या दोन्हींची गरज रोज पडते. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या मंडळाला नाटकाची तारीख कळवायची असते, शिकवणीवाल्यांना रंगपंचमीच्या गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडचे रस्ते बंद म्हणून वर्गाला सुट्टी सांगायची असते, कॉलनीच्या सचिवांना उद्या नर्मदेचे पाणी येणार नाही हे संध्याकाळीच पोचवायचे असते. व्हॉट्सॲप आहेच. पण यादीतल्या ज्येष्ठांपैकी कित्येकांकडे बटणांचा फोन असतो, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवलेला असतो. एसएमएसला डेटा लागत नाही, ग्रुप लागत नाही.

आमचा अंदाज असा: चाळीस-पन्नास ओळखीची माणसे आणि महिन्यातून दोन-चार मेसेज असतील तर स्वतःचा फोन पुरतो. दोनशे-तीनशे सभासद आणि दर आठवड्याला काहीतरी कळवायचे असेल तर संस्थेच्या नावाने नोंदणी करा. मधली मंडळी बहुधा पहिल्या मार्गावर रेटत राहतात आणि एक दिवस सिम बंद पडते. त्याचे कारण पुढे येईल.

फोन जोडून कॉम्प्युटरवर टाइप करणे

अँड्रॉइड फोन असेल तर सगळ्यात सोपा उपाय गूगल मेसेजेस. फोनमध्ये कंपनीचे दुसरे मेसेज ॲप असेल तर प्ले स्टोअरवरून हे घ्या आणि विचारेल तेव्हा तेच एसएमएससाठी मुख्य ॲप म्हणून निवडा. मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये मेसेजेस डॉट गूगल डॉट कॉम आणि पुढे स्लॅश वेब हा पत्ता टाका. फोनवर ॲप उघडून वर उजवीकडच्या गोलावर, म्हणजे तुमच्या खात्याच्या चित्रावर दाबा, ‘डिव्हाइस पेअरिंग’मध्ये जा. दोन पर्याय मिळतात. एकात गूगल खात्याने जोडता येते. कॉम्प्युटरवर दिसलेली इमोजी फोनवरही निवडायची असते. दुसऱ्यात कॉम्प्युटरवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा. घरच्या कॉम्प्युटरला पहिला पर्याय ठीक. संस्थेच्या कार्यालयातल्या, सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरला क्यूआर कोडच वापरा, ‘हा कॉम्प्युटर लक्षात ठेवा’ बंद ठेवा आणि काम झाल्यावर फोनवरून पेअरिंग तोडा. ते उघडे राहिले तर पुढच्या माणसाला तुमचे बँकेचे ओटीपी त्या पडद्यावर वाचता येतील.

इथून पुढे टाइप कॉम्प्युटरवर होते, मेसेज मात्र फोनमधून, तुमच्या सिमवरून, तुमच्या पॅकमधून जातो. म्हणून फोन चालू हवा, इंटरनेट हवे आणि मोबाइलची रेंजही हवी. कॉम्प्युटरवर ‘फोन जोडलेला नाही’ असे सारखे येत असेल तर दोष बहुतेक वेळा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये असतो. फोन काही वेळ पडून राहिला की ॲप झोपवले जाते. सेटिंगमध्ये मेसेजेस ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ करा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’चे वेगळे बटण असते, तेही चालू करा.

फोनमध्ये दोन सिम असतील तर एसएमएससाठीचे मुख्य सिम फोनच्या सेटिंगमध्ये आधीच ठरवून टाका. नाहीतर अर्धे मेसेज एका नंबरावरून आणि अर्धे दुसऱ्यावरून जातात. सिम नुकतेच बदलून घेतले असेल, अगदी ई-सिम करून घेतले असेल तरी, पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. ही फसवणूक रोखण्यासाठीची सरकारी तरतूद आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सिम बदलू नका.

एकाच वेळी अनेकांना पाठवताना एक सेटिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेसेजेस ॲपच्या सेटिंगमध्ये ‘ग्रुप मेसेजिंग’ आहे. तिथे दोन पर्याय दिसतात: सगळ्यांना वेगवेगळा एसएमएस आणि उत्तरेही वेगवेगळी, किंवा सगळ्यांचा मिळून एमएमएस. पहिला निवडा. एमएमएस आपल्याकडे अनेकांच्या फोनवर पोचतच नाही, आणि पोचला तर प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात. त्याचबरोबर आरसीएस चॅट (ॲपमधले इंटरनेटवरून चालणारे चॅट) चालू असेल तर ॲप आपणहून सगळ्यांचा चॅट ग्रुप बनवू शकते, आणि सूचना द्यायला घेतलेल्या मेसेजवर ‘शुभ सकाळ’ सुरू होते. पाठवण्यापुरते आरसीएस बंद करा.

विंडोजवर ‘फोन लिंक’ हे मायक्रोसॉफ्टचे ॲप आधीपासून असते. फोनवर ‘लिंक टू विंडोज’ घ्यायचे. अँड्रॉइडसोबत ते चांगले चालते. आयफोन ब्लूटूथने जोडता येतो, पण ग्रुपला मेसेज आणि चित्रे पाठवता येत नाहीत, म्हणून मंडळाच्या कामाला त्याचा उपयोग नाही. आयफोनसोबत मॅक असेल तर आयफोनच्या मेसेजेस सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग’ आहे, तिथे मॅकचे नाव चालू केले की झाले; दोन्हींवर ॲपलचे एकच खाते हवे.

लिनक्सवाल्यांसाठी, आणि ज्यांना मधे कोणाचाही सर्व्हर नको त्यांच्यासाठी, केडीई कनेक्ट हे फोन आणि कॉम्प्युटर जोडणारे ॲप आहे. ते विंडोजवरही चालते. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर हवेत आणि फायरवॉलमध्ये १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडे हवेत. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वाय-फायवर दोघे एकमेकांना दिसतच नाहीत असे होते, कारण तिथे जोडलेली उपकरणे मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. फोनचा हॉटस्पॉट लावून कॉम्प्युटर त्यावर घ्या, काम होते.

सत्तर अक्षरांचा हिशोब

सर्वांत जास्त पैसे आणि मेसेज इथे वाया जातात. एका एसएमएसची जागा १४० बाइट. रोमन लिपीतले अक्षर सात बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे मावतात. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह सोळा बिट घेते, म्हणून फक्त ७०. मेसेज त्याहून लांब झाला की तो तुकड्यांत जातो, आणि तुकडे जोडण्याची माहितीही त्यातच भरावी लागते. त्यामुळे दोन किंवा जास्त तुकड्यांच्या मेसेजमध्ये दर तुकड्याला देवनागरीची ६७ आणि रोमनची १५३ अक्षरे उरतात. म्हणजे दोन तुकड्यांत १३४, तीनांत २०१. वाचणाऱ्याच्या फोनवर तो सलग एकच दिसतो. तुमच्या पॅकमधून किंवा बिलात मात्र दोन किंवा तीन वजा होतात.

७० हा आकडा आपण मोजतो त्या अक्षरांचा नाही. मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याचे चिन्ह, प्रत्येकाला एक जागा लागते. ‘नमस्कार’ आपल्या हिशोबाने चार अक्षरी, फोनच्या हिशोबाने सात: न, म, स, हलंत, क, काना, र. ‘रवींद्र’ तीन अक्षरी, पण तोही सातच. ‘श्री’ एकट्याला चार जागा. जोडाक्षरांनी भरलेले औपचारिक मराठी एसएमएसला महाग पडते.

हा मेसेज पाहा:

नमस्कार. शनिवारी सायं ७ वा. रवींद्र नाट्यगृहात नाटक. पास आणावा. - मंडळ

मोकळ्या जागा आणि टिंबे धरून हे बरोबर ७० होतात. ‘सायं’चे ‘सायंकाळी’ केले की ७४, आणि ३०० सभासदांना ३०० ऐवजी ६०० एसएमएस लागतात. म्हणून मेसेज आधी लिहा, मोजा, आणि मग काटा. मोजायला एक्सेल पुरते: मजकूर एका चौकटीत ठेवून शेजारी लांबी मोजणारे ‘लेन’ हे सूत्र लावले की ते मात्रांसह आकडा देते. फक्त इमोजी असेल तर तो दोन जागा घेतो हे लक्षात असू द्या. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ टाइप करताना काही कीबोर्ड मधे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. तेही एक जागा खाते. आकडा एकाने जास्त येतोय आणि कारण दिसत नाही, तर संशय त्याच्यावर घ्या.

रोमन लिपीत मराठी लिहून १६० ची सोय घ्यावी असे अनेकांना वाटते. घ्या, पण त्यात एकही चिन्ह बाहेरचे नको. रुपयाचे ₹ हे चिन्ह जुन्या सात बिटांच्या संचात नाही. ते एक आले की सबंध मेसेज सोळा बिटांत जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. शुल्काच्या आठवणीचे मेसेज हमखास इथे अडकतात. ‘रु.’ रोमन अक्षरांत लिहा. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हे, लांब डॅश, देवनागरी अंक, यांनीही हेच होते. चौकटी कंस आणि महिरपी कंस चालतात, पण प्रत्येकी दोन जागा घेतात. मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवून अवतरणचिन्हे साध्या कळीने पुन्हा टाका.

तरी आमचे मत देवनागरीच्याच बाजूने आहे. रोमनमधले मराठी ज्येष्ठांना वाचायला त्रासाचे जाते, आणि ७० चिन्हांत तारीख, वेळ, जागा मावते.

कृतिदेव आणि जुनी टायपिंग

मध्य प्रदेशात हिंदी टायपिंग शिकलेला माणूस बहुधा कृतिदेववर शिकलेला असतो, आणि मंडळांच्या जुन्या फायली कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजीत असतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो मजकूर मेसेजमध्ये चिकटवला की समोरच्याला रोमन कचरा मिळतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. त्यासाठी मोफत कन्व्हर्टर मिळतात, फक्त प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा लागतो. रूपांतरानंतर ळ, ऱ्य, ॲ, आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा; चुका तिथेच राहतात.

नवे टाइप करायचे असेल तर विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतो, आणि विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत उच्चारावर चालणारा ‘मराठी फोनेटिक’ही. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

नंबरांची यादी

यादी एक्सेलमध्ये ठेवताना नंबरांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मग नंबर भरा. उलट केले तर ९१ लावलेला बारा अंकी नंबर दशांशचिन्ह आणि घातांक असलेल्या रूपात दिसू लागतो. त्या अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) केली की मागचे अंक शून्य होऊन बसतात आणि परत मिळत नाहीत. सीएसव्ही साठवताना नावात ‘यूटीएफ-८’ असलेला प्रकार निवडा, नाहीतर सभासदांची मराठी नावे प्रश्नचिन्हे होतील.

भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. एवढी चाळणी काही गावांत चालून जाते. इंदूरची अडचण वेगळी आहे. इथला एसटीडी कोड ०७३१ आणि लँडलाइन सात अंकी. कोणीतरी पुढचे शून्य गाळून नंबर लिहिला की ७३१ आणि सात अंक मिळून बरोबर दहा होतात, आणि सुरुवात ७ ने. चाळणीतून तो मोबाइल म्हणून सुटतो. ७३१२ आणि ७३१४ ने सुरू होणारे सगळे नंबर वेगळे काढा आणि एकेक फोन करून खात्री करा. जुन्या सभासद-अर्जांवर घरचा फोन लिहायची पद्धत होती, त्यामुळे अशी नोंद एखाद-दुसरी नसते.

मग दुहेरी नोंदी काढा. नवरा-बायको दोघे सभासद आणि नंबर एकच, हे नेहमीचे. नंबरांच्या मधल्या मोकळ्या जागा, आडव्या रेघा, ‘बदला’ वापरून साफ करा. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नंबरांत न दिसणारी चिन्हे येतात. लांबी मोजणारे सूत्र इथेही लावा. दहाऐवजी अकरा आले की ओळखा.

सिमवरून पाठवण्याच्या मर्यादा

बहुतेक अमर्याद पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. स्वस्त पॅकमध्ये आणि फक्त कॉल-एसएमएसच्या पॅकमध्ये रोजचा आकडा नसतो, पूर्ण मुदतीचा एकच एकूण आकडा असतो. तो एका कार्यक्रमात संपू शकतो. १०० म्हणजे १०० तुकडे. दोन तुकड्यांचा मराठी मेसेज ५० जणांना गेला की दिवस संपला. पुढचे मेसेज शिलकेतून पैसे कापून जातात, शिल्लक नसेल तर अडकतात.

नावासकट वेगवेगळा मेसेज पाठवायला एक्सेलची यादी वाचणारी ॲप मिळतात, फोनलाच गेटवे, म्हणजे कॉम्प्युटरवरचे मेसेज पुढे पाठवणारा दुवा, बनवणारी मुक्त स्रोत ॲपही आहेत. ती वापरताना अँड्रॉइडचीच एक आडकाठी येते: बाहेरच्या ॲपने थोड्या वेळात ३० हून जास्त एसएमएस पाठवायला घेतले की फोन थांबून परवानगी मागतो. फोन टेबलावर, माणूस कॉम्प्युटरसमोर, आणि तिसाव्या मेसेजनंतर सगळे ठप्प, ही तक्रार त्यातूनच येते. फोन समोर ठेवा किंवा अर्ध्या तासाला २५ च्या तुकडीने पाठवा. प्ले स्टोअरबाहेरून घेतलेल्या ॲपला एसएमएसची परवानगी द्यायला नवे अँड्रॉइड नकार देते. ॲपच्या माहितीत वर तीन टिंबांवर दाबून ‘प्रतिबंधित सेटिंगला परवानगी’ द्यावी लागते. ती द्यायच्या आधी ॲप कोणाचे आहे ते नीट पाहा. एसएमएस वाचणारे ॲप म्हणजे ओटीपी वाचणारे ॲप.

आता सिम बंद पडण्याचे कारण. साध्या दहा अंकी नंबरावरून व्यावसायिक किंवा प्रचाराचे मेसेज पाठवणे ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम नियामकाच्या, २०१८ च्या नियमांत बसत नाही. मिळालेल्या माणसाने १९०९ वर तक्रार केली की ती तुमच्या नंबरावर नोंदली जाते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी कारवाईला पुरतात. आधी सात दिवसांत दहा लागत. पहिल्या वेळी १५ दिवस बाहेर जाणारी सेवा बंद, पुन्हा झाले तर तुमच्या नावावरची सगळी जोडणी वर्षभर तोडली जाते. ‘सगळी’ म्हणजे घरच्यांसाठी तुमच्या आधारवर घेतलेले सिमसुद्धा. मंडळाची सूचना सभासदाला गेली तर कोणी तक्रार करत नाही. शिकवणीच्या प्रवेशाची जाहिरात अनोळखी पालकांना गेली की पाच तक्रारींना वेळ लागत नाही.

डोंगल आणि मोडेम

घरात जुना थ्रीजी डोंगल पडलेला असतो किंवा जेल रोडला स्वस्तात मिळतो, आणि तो लावून कॉम्प्युटरवरूनच एसएमएस जातील असे कोणीतरी सांगते. जातात, अटींसह. जिओचे सिम अशा डोंगलमध्ये चालणार नाही, कारण जिओचे टूजी-थ्रीजी नेटवर्कच नाही. एअरटेलने थ्रीजी बंद केले आहे, तिथे डोंगल टूजीवर चालतो. एसएमएसला तेवढे पुरते. सिम आधी फोनमध्ये घालून त्याचा पिन बंद करा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलचे एकाहून जास्त कॉम पोर्ट दिसतात. हुआवेच्या डोंगलमध्ये ‘पीसी यूआय इंटरफेस’ लिहिलेला पोर्ट निवडा. डोंगलसोबत आलेले सॉफ्टवेअर चालू असेल तर पोर्ट त्याने धरून ठेवलेला असतो; ते बंद करा. लिनक्सवर गाम्मू हा प्रोग्राम चांगला आहे. तिथे पोर्ट अडवणारा असतो मोडेम मॅनेजर, आणि ‘परवानगी नाही’ आले तर तुमचे खाते डायलआउट गटात नाही. सिग्नलचा आकडा ० ते ३१ मध्ये येतो. दहाच्या खाली असेल तर लांब यूएसबी वायर लावून डोंगल खिडकीत ठेवा. ९९ आला तर सिग्नल मोजताच येत नाही, आधी ॲन्टेना आणि सिम पाहा. देवनागरीसाठी युनिकोडचा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. पॅकची मर्यादा आणि १९०९ चे नियम इथेही तेच. फोन असताना हा खटाटोप करायचे कारण आम्हाला दिसत नाही. सर्व्हर बंद पडल्याची सूचना देण्यासारख्या, इंटरनेट नसतानाही जायला हव्या अशा दोन-चार मेसेजपुरता तो ठीक.

संस्थेच्या नावाने पाठवणे

इथे सिम नसते. एसएमएस सेवा विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर यादी चढवायची, मजकूर निवडायचा, पाठवायचे. त्याआधी डीएलटी नोंदणी लागते, म्हणजे टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर संस्थेची, नावाची आणि मजकुराची नोंद. एअरटेल, जिओ, व्हीआय, बीएसएनएल यांची वेगवेगळी डीएलटी पोर्टल आहेत. एकावर नोंदणी केली की बाकीच्या नेटवर्कवरही ती चालते. शुल्क पोर्टलनुसार बदलते, आधी तुलना करा.

कागदपत्रे अशी: संस्थेचे पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, लेटरहेडवर सही-शिक्क्याचे अधिकारपत्र, आणि ज्यांच्या नावे अधिकारपत्र आहे त्यांचे ओळखपत्र. मध्य प्रदेशातली बहुतेक मंडळे १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेली असतात आणि प्रमाणपत्र हिंदीत असते. पॅनवरचे नाव रोमनमध्ये. दोन्हींत एका शब्दाचा फरक असला, ‘इंदौर’ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही एवढाही, तरी अर्ज परत येतो. पोर्टलवर पॅनप्रमाणे नाव भरा आणि अधिकारपत्रातही तेच लिहा. सोबत दिलेला मोबाइल आणि ई-मेल संस्थेचा असू द्या. सचिवांचा खासगी नंबर दिला आणि पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली, की ओटीपी जुन्या सचिवांकडे जात राहतो.

नोंदणी झाल्यावर १९ अंकी ओळख क्रमांक मिळतो. मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव: सहा रोमन अक्षरे, संस्थेच्या नावाशी उघड संबंध असलेली. संबंध दिसत नसेल तर खुलासा मागतात. मेसेज पोचतो तेव्हा हेडरच्या आधी कंपनी आणि सर्कल (टेलिकॉम विभाग) सांगणारी दोन अक्षरे आणि शेवटी प्रकार सांगणारे एक अक्षर लागते: प्रचाराला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. व्यवहाराचा प्रकार मुख्यतः ओटीपीसारख्या मेसेजचा. मंडळाने त्याच्या वाटेला जाऊ नये. सभासदाला वर्गणीची पावती किंवा सभेची सूचना ही सेवा. नाटकाची तिकिटे विकणे हा प्रचार. प्रचाराचे मेसेज डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) पूर्ण लावलेल्यांना पोचत नाहीत आणि त्यांना दिवसाच्या वेळेचे बंधन असते. रात्री दहाला चढवलेली यादी त्या रात्री जाणार नाही. प्रचाराचा मजकूर सेवेच्या नावाखाली मंजूर करून घेण्याचा प्रयत्न सगळेच करतात. मजकूर नाकारला जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

टेम्प्लेट म्हणजे मंजूर मजकूर. बदलत्या जागा, जसे तारीख, वेळ, नाटकाचे नाव, तिथे पोर्टलने दिलेले खुणेचे चिन्ह घालायचे. एका जागेत जास्तीत जास्त ३० अक्षरे. ‘छत्रपती शिवाजी महाराज जयंती सोहळा’ हे एका जागेत बसणार नाही, लागोपाठ दोन खुणा ठेवा. सगळा मेसेजच खुणांचा केला तर नाकारतात. मजकुरात संस्थेचे नाव हवे. मराठी असेल तर भाषेचा प्रकार युनिकोड निवडा. आणि सुरुवातीलाच सहा-सात टेम्प्लेट मंजूर करून ठेवा: सभा, कार्यक्रम, वेळेत बदल, कार्यक्रम रद्द, वर्गणी, पावती, निधनवार्ता. वेळेत बदल, कार्यक्रम रद्द आणि निधनवार्ता ही ऐनवेळी लागतात आणि मंजुरीला दिवस जातात.

यानंतर ज्या कंपनीकडून सेवा घेतली तिला डीएलटी पोर्टलवर तुमच्या संस्थेशी जोडावे लागते. डिसेंबर २०२४ पासून ही साखळी पूर्ण नसेल तर मेसेज मधेच टाकून दिला जातो. कंपनीकडून तिचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि तुमच्या बाजूने मंजुरी द्या. दर विचारताना डीएलटीचा आकार आणि १८ टक्के जीएसटी धरून विचारा, आणि ‘दर एसएमएस’ म्हणजे दर तुकडा हे गृहीत धरा.

पहिला मेसेज नेहमी चार जणांना पाठवा, चारही वेगळ्या नेटवर्कवरचे. न पोचल्यास अहवाल पाहा. ‘टेम्प्लेट जुळत नाही’ आले तर मंजूर मजकूर आणि पाठवलेला मजकूर शेजारी ठेवून मोकळ्या जागा मोजा. दुहेरी स्पेस किंवा वाकडे अवतरणचिन्ह पुरेसे असते. मजकूर पोचला पण सगळी प्रश्नचिन्हे, तर कंपनीच्या पानावर युनिकोडची खूण केलेली नाही. ‘सबमिटेड’ म्हणजे फक्त पुढे दिला, ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे फोनवर पोचला. फोन बंद असेल तर मेसेज सेंटरमध्ये थांबतो आणि एक-दोन दिवसही प्रयत्न होत राहतात. नर्मदेच्या पाण्याची सूचना परवा पोचून उपयोग नाही, तेव्हा कंपनी मुदत ठरवू देत असेल तर ती सहा तास करा.

हेडरवरून आलेल्या मेसेजला उत्तर पाठवता येत नाही. ‘येणार असल्यास कळवावे’ लिहिले आणि खाली नंबर दिला नाही, तर सभासद कुठे कळवणार? नंबर द्यायचा तर तो टेम्प्लेटमध्येच पक्का घाला आणि पोर्टलवर त्याची नोंद करा. लिंकचेही तेच: १ ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर न नोंदलेली लिंक असलेला मेसेज अडवला जातो. गूगल फॉर्मची लिंक दर कार्यक्रमाला बदलते, म्हणून नोंदलेला एकच फोन नंबर देणे मंडळाला सोयीचे जाते.